इंग्लंडमध्ये 'बॉसने फायर केलं' म्हणायच्या आधी हे वाचा

इथे नव्याने येणाऱ्या आपल्या लोकांना मी बँक अकाउंट, जीपीकडे (म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या आपल्या भागातल्या डॉक्टरकडे) नाव नोंदवणं वगैरे सांगते ना, त्याच्या जोडीला आता अजून एक गोष्ट आवर्जून सांगते, ती म्हणजे रागावणं, ओरडणं, झापणं याला रोजच्या बोलण्यात इथे काय म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटेल पण नाहीये, कारण पुण्या-मुंबईच्या ऑफिसात आपण सहज म्हणतो की आज बॉसने फायर केलं, जाम फायरिंग मिळाली, आणि समोरच्याला बरोब्बर कळतं की झापलंय, संध्याकाळपर्यंत विसरतील. तेच इथे "माय मॅनेजर फायर्ड मी" म्हणालात तर अर्थ एकच, नोकरी गेली. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने, ती तेव्हा नुकतीच आली होती, सकाळी ऑफिसात हे वाक्य टाकलं आणि शेजारची बाई कळवळून तिला मदत कुठे मिळेल ते शोधायला लागली. त्या बाईचं काही चुकलं नाही हो, वर्क व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली तर होम ऑफिसचं, म्हणजे व्हिसा बघणाऱ्या सरकारी खात्याचं, पत्र आल्यापासून साधारण 60 दिवसांत नवा स्पॉन्सर, म्हणजे व्हिसासाठी नाव देणारी दुसरी कंपनी, शोधावा लागतो, नाहीतर देश सोडावा लागतो, म्हणजे किती गंभीर बातमी झाली ती!

'वॉर्निंग' पण तसंच. आपण म्हणतो, सरांनी वॉर्निंग देऊन सोडलं. इथल्या नोकरीत व्हर्बल वॉर्निंग, रिटन वॉर्निंग या एचआरच्या कारवाईच्या पायऱ्या असतात, त्यामुळे नुसतं कोणी दोन शब्द सुनावले असतील तर हा शब्द वापरू नका.

मग म्हणायचं काय? शाळेत आपण सगळे 'स्कोल्ड' शिकलो. ते चूक नाही, पुस्तकात सापडतं, पण इंग्लंडमध्ये घरात, शाळेच्या गेटवर, बसमध्ये कोणी फारसं बोलत नाही. रोजचा शब्द आहे 'टेल ऑफ'. "मिस टोल्ड मी ऑफ", बाई रागावल्या मला. ज्याला रागावले तो मधे येतो, टोल्ड मी ऑफ, टोल्ड हिम ऑफ. "टोल्ड ऑफ हिम" असं नाही चालत. आणि कशाबद्दल ते सांगायचं तर 'फॉर' लावून पुढे आयएनजीवालं रूप, "शी टोल्ड देम ऑफ फॉर रनिंग इन द कॉरिडॉर". त्याहून जास्त ऐकू येतं ते "आय गॉट टोल्ड ऑफ", आपल्या 'बोलणी बसली'च्या अगदी जवळचं, कोण रागावलं ते सांगायची गरजच नाही.

आईबाबांनी तर हे नीट शिकून घ्यावंच असं माझं ठाम मत आहे. इथे मुलं चार वर्षांची झाली की रिसेप्शनमध्ये, म्हणजे शाळेच्या पहिल्या वर्गात, जातात आणि थोड्याच दिवसांत घरी येऊन म्हणतात, "आई, मिसने मला टोल्ड ऑफ केलं". त्याच्या अगदी शेजारी बसलेला दुसरा शब्द म्हणजे 'टेल ऑन', "ही टोल्ड ऑन मी", म्हणजे त्याने बाईंकडे माझं नाव सांगितलं, चहाडी केली. ऑफ आणि ऑन यात गल्लत झाली आणि तुम्ही तशाच बाईंशी बोलायला गेलात तर रागावलं कोण आणि नाव कोणी सांगितलं याचा पार गोंधळ होतो, आणि मधल्या मधे पोराची बाजू ऐकायचीच राहून जाते.

आणि तो 'ऑन' आपल्याला दुसरीकडेही नडतो. मराठीत आई माझ्या'वर' ओरडली, माझ्या'वर' रागावली, म्हणून आपोआप तोंडात येतं "शाउटेड ऑन मी", "अँग्री ऑन मी". इंग्रजीत शाउटेड ॲट मी, अँग्री विथ मी. शिवाय शाउट म्हणजे खरोखर आवाज चढवला. शिक्षिका हळू आवाजात पण कडक बोलल्या असतील तर ते टोल्ड ऑफ झालं, शाउट नाही, आणि तक्रार करताना हा फरक फार मोठा ठरतो, कारण शिक्षिका मुलावर ओरडली म्हटलं की शाळा ते वेगळ्या पद्धतीने घेते.

'स्कोल्ड' शब्दाचा जुना इतिहास मला इथे येऊन कळला आणि खूप राग आला. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात 'कॉमन स्कोल्ड' नावाचा गुन्हा होता, भांडखोर, शेजाऱ्यांना त्रास देणारी म्हणून ठरवलेल्या बाईवर तो लावायचे. शिक्षा काय, तर लाकडी खुर्चीत बांधून नदीत बुडवून काढणं. तशी एक खुर्ची हेरफर्डशरमधल्या लेम्स्टर गावच्या चर्चमध्ये अजून ठेवलेली आहे (स्पेलिंग बघून लिओमिन्स्टर म्हणू नका, लेम्स्टरच म्हणतात), 1809 मध्ये ती एका बाईवर वापरली होती. आणि हा गुन्हा कायद्यातून अधिकृतपणे गेला कधी, तर 1967 मध्ये! बाईने आवाज चढवला हाच गुन्हा, आणि तो कागदावर इतकी वर्षं टिकला.

ऑफिसात मात्र मोठ्या माणसाबद्दल 'टोल्ड ऑफ' म्हटलं की थोडं शाळकरी वाटतं, मित्रांत चालतं. "माय मॅनेजर हॅड अ गो ॲट मी" म्हणजे चिडून बोलला, बऱ्यापैकी झापलं. "हॅड अ वर्ड विथ मी" म्हणजे बाजूला घेऊन समज दिली, आणि हे सौम्य वाटलं तरी हलक्यात घेऊ नका, ब्रिटिश माणूस नाराजी बऱ्याचदा एवढ्याच शब्दांत सांगतो. 'रेप्रिमांड' कागदोपत्री, सरकारी.

अमेरिकेत भाऊ-बहीण असतील तर त्यांना हे सगळं जसंच्या तसं पाठवू नका. तिकडे मुलं "गॉट येल्ड ॲट" जास्त म्हणतात, आणि 'टोल्ड हिम ऑफ' म्हणजे बरेचदा बरोबरीच्या माणसाला तोंडावर सुनावलं. 'टिक्ड ऑफ'चं तर फारच वेगळं, इंग्लंडमध्ये "ही टिक्ड मी ऑफ" म्हणजे मला रागावला आणि अमेरिकेत त्याच वाक्याचा अर्थ त्याने मला संताप आणला. न्यूझीलंडला जाणाऱ्यांनी 'ग्राउल' लक्षात ठेवा, तिथे बाईंनी मुलाला ग्राउल केलं म्हणजे गुरगुरल्या नाहीत, रागावल्या.