दोनशेच्या बीमने अडवलेली फाईल

जळगावजवळच्या आमच्या सरकीच्या गोदामात लोखंडी बीमांवर पोटमाळा चढवला, तेव्हा पाण्याची टाकी, जिना, अग्निशामक सिलिंडर हे सारे पंधरवड्यात मार्गी लागले. आगीपासूनच्या सुरक्षिततेच्या ना-हरकत दाखल्याची फाईल मात्र एका ओळीच्या शेऱ्यासह तीनदा परत आली: ‘बीमच्या अग्निरोधनाचा पुरावा अपुरा.’ काय अपुरे आहे, असे विचारले की खिडकीवरचे गृहस्थ म्हणत, ‘साहेब बघतील.’ मे महिन्याच्या उन्हात दोन फेऱ्या झाल्या, तिसरीला साहेब रजेवर होते.

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ च्या चौथ्या भागात बांधकामाचा कोणता घटक आगीत किती वेळ टिकावा, हे ठरवलेले आहे. आमच्या नकाशावर बीमांसाठी एक तास लिहिला होता. पोलाद जळत नाही, पण साधारण ५५० अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्यावर येते, म्हणून उष्णतेने फुगून फेसासारखा जाड थर धरणारा रंग आम्ही लावला होता आणि त्याचे चाचणी प्रमाणपत्रही जोडले होते. एवढे करूनही अपुरे म्हणतात, याचा मला मनस्वी संताप आला होता.

अखेर ओळखीतल्या एका तरुण अभियंत्याने प्रमाणपत्र उलटून पाहिले आणि विचारले, ‘ताई, काड्यांवर भरिताचे वांगे आणि मिरची एकदम टाकली, तर आधी काय करपते?’ माझे मुख्य बीम ४०० मिलिमीटर उंचीचे, तर त्यांना जोडणारे आडवे बीम २०० चे होते. वर स्लॅब असल्याने आच तीन बाजूंनी लागते. त्या तापणाऱ्या परिमितीला छेदाच्या क्षेत्रफळाने भागले, तर मोठ्या बीमचा आकडा दर मीटर सुमारे १५० आणि लहानाचा सुमारे २१० येतो. आकडा जितका मोठा, तितका बीम लवकर तापतो आणि तितका रंगाचा थर जाड लागतो. प्रमाणपत्रातली जाडी मोठ्या बीमपुरती होती आणि ठेकेदाराने तीच सगळीकडे फासली होती. शेऱ्यात ‘२०० च्या बीमसाठी जाडी दाखवा’ एवढे चार शब्द असते, तर माझा दीड महिना वाचला असता.

लहान बीमांवर आणखी हात मारून घेतले, प्रत्येक बीमवर खडूने क्रमांक घातले, जाडी मोजण्याच्या मीटरने घेतलेला आकडा त्या क्रमांकांपुढे लिहून तक्ता जोडला आणि चौथ्या खेपेला फाईल दहा मिनिटांत सुटली. धुळ्याच्या माझ्या भावाचे गोदाम आरसीसीचे असल्याने त्याला हा व्याप नव्हता. तिथे सळईवरचे काँक्रीटचे आवरण आणि बीमची रुंदी पाहतात.

एक सांगायचे राहिले: प्रायमरची जाडी रंग लावण्यापूर्वीच मोजून लिहून ठेवावी, कारण मीटर दोन्ही थर एकत्र मोजतो आणि प्रायमर वजा करावा लागतो. आमच्याकडे ती नोंद नव्हती, म्हणून एका बीमचा रंग खरवडून पाहावा लागला.