जुन्या एमएक्स-५ चं स्टीअरिंग बदलताना: माझा अनुभव

१९८९ मध्ये आलेल्या पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-५ या छोट्या स्पोर्ट्स गाडीचा स्टीअरिंग कॉलम, म्हणजे स्टीअरिंग ज्याच्या टोकाला बसतं तो खांब, वरखाली होत नाही, पुढेमागेही होत नाही. कारखान्याने दिलेल्या कोनात तो कायमचा बसलेला. त्यामुळे जरा उंच माणसाची मांडी स्टीअरिंगच्या खालच्या कडेला घासते आणि क्लचसाठी पाय उचलला की गुडघा अडतो. या गाडीचं स्टीअरिंग बदलायचं खरं कारण हे. लाकडी रिम आणि चकचकीत स्पोक ही हौस झाली, ती नंतर.

माझी गाडी ब्रिटनमध्ये आहे आणि ती युनोस रोडस्टर आहे, म्हणजे हीच गाडी जपानच्या देशी बाजारात ज्या नावाने विकली गेली ती. दोन्हीकडे ड्रायव्हर उजवीकडेच बसतो, म्हणून अशा जुन्या गाड्या जपानहून इथे भरपूर आल्या. माझ्या गाडीत एअरबॅग नाही. ज्यांच्या गाडीत आहे त्यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलंय. ते वाचल्याशिवाय पान्याला हात लावू नका.

खरेदीआधी टेप घेऊन गाडीत बसा. जुनं स्टीअरिंग ३८० मिलिमीटरचं आणि नवं ३५० चं असेल, तर व्यासात ३० मिलिमीटर कमी झाले; पण मांडीपाशी मिळतात त्याच्या निम्मे, म्हणजे १५. ऐकायला काहीच नाही, पण क्लच दाबताना हे १५ मिलिमीटर चांगलेच जाणवतात. एवढ्याने भागलं नाही तर सीटच्या गादीतला फोम थोडा काढायचा उपाय या गाडीवाल्यांमध्ये सर्रास चालतो, आणि त्याने डोक्यावरही जागा होते.

व्यास कमी केला की जोर जास्त लागतो. ३८० वरून ३५० वर आलात तर सुमारे साडेआठ टक्के जास्त, ३३० वर गेलात तर १५ टक्के. पॉवर स्टीअरिंग असेल तर फरक कळणारही नाही. नसेल तर पार्किंगमध्ये दंड भरून येतील, आणि मग ३६०-३६५ च्या खाली जाऊ नये असं माझं मत. शिवाय स्टीअरिंग जितकं लहान, तितकी त्याची वरची कमान मीटरच्या आड येते. ३३० चं लावलं की नेमके टॅकोमीटर (इंजिनचे फेरे दाखवणारं मीटर) आणि स्पीडोमीटरचे वरचे आकडे झाकले जातात. पुठ्ठ्याची रिंग कापून जुन्या स्टीअरिंगवर चिकटवून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, दोनशे पौंड वाचतात.

खोली हा दुसरा हिशेब. नवं स्टीअरिंग थेट शाफ्टवर, म्हणजे कॉलममधल्या फिरत्या दांड्यावर, बसत नाही. मध्ये हब, म्हणजे दोघांना जोडणारा तुकडा लागतो, आणि तो गाडीप्रमाणे वेगळा असतो. हबची उंची, त्यावरची स्पेसर रिंग आणि स्टीअरिंगचा स्वतःचा वाडगेपणा (ते वाडग्यासारखं किती खोलगट आहे ते), या तिन्हींची बेरीज म्हणजे रिम कॉलमपासून किती पुढे येणार ते. रिम छातीकडे आली की हात आरामात वाकतात, हे चांगलंच. पण इंडिकेटरची दांडी आहे तिथेच राहते. हात रिमवर ठेवून मधलं बोट दांडीला टेकलं पाहिजे. खोलगट स्टीअरिंग आणि उंच हब एकत्र घेतले की दर वळणाला हात सोडावा लागतो. चटकन निघणारा क्विक-रिलीज हब मध्ये घातला तर आणखी काही सेंटिमीटर. सीट मागे सरकवून ही चूक झाकता येते, पण मग पाय पेडलपर्यंत पोचत नाहीत.

आता भोकांबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे इथेच वाया जातात. मोमो, स्पार्को, ओएमपी यांच्या स्टीअरिंगला सहा भोकं ७० मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर असतात. नार्डी आणि पर्सनल यांना सहाच, पण ७४ च्या वर्तुळावर. म्हणजे प्रत्येक भोक फक्त २ मिलिमीटर सरकलेलं. नुसत्या डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, आणि ‘जरा कानस मारली की बसतं’ असं सांगणारा कुणीतरी भेटतोच. ऐकू नका. स्क्रूचं शंकूसारखं डोकं भोकाच्या शंकूत पूर्ण टेकलं तरच पकड येते. भोक लांबट केलं की डोकं एकाच बाजूला टेकतं आणि काही दिवसांत स्टीअरिंग खुळखुळायला लागतं. काही हबांना दोन्ही मापांची मिळून बारा भोकं पाडलेली असतात. तसा हब घ्या, नाहीतर अडॅप्टर रिंग.

नकली माल प्रचंड आहे. खऱ्या मोमोच्या स्पोकमागे टाइप, जर्मन वाहन खात्याचा मान्यता क्रमांक (केबीए) आणि तारीख ठोकलेली असते. (मोमो हे नाव संस्थापक मोरेत्ती आणि इटलीतलं शर्यतींचं गाव मोंझा यांची पहिली अक्षरं जोडून झालंय, त्यामुळे इटलीबाहेरच्या ‘मूळ कारखान्यातून थेट’ मालाच्या गोष्टी ऐकताना मला गंमत वाटते.) नकली स्टीअरिंग रंगरूपाने हुबेहूब असतं, आतलं धातूचं कडं पातळ असतं आणि दोन्ही हातांनी पिळलं की रिम वाकलेली दिसते. ज्या वस्तूवर अपघातात छाती आदळणार आहे, तिच्यात काटकसर नको. हब घेतानाही आदळल्यावर चुरगळणारा भाग आहे का ते विचारा. नुसता भरीव ॲल्युमिनियमचा ठोकळा स्वस्त पडतो, पण तो चेपत नाही.

काम सुरू करण्याआधी गाडी रिकाम्या, सपाट मैदानात सरळ चालवून स्टीअरिंगला हात न लावता थांबवायची. रस्त्यावर हे करू नका. इथले रस्ते डाव्या कडेकडे उतरते असतात, त्यामुळे सरळ जायला स्टीअरिंग नकळत किंचित उजवीकडे धरलेलं असतं, आणि तीच चूक नव्यात उतरते. थांबल्यावर कॉलमच्या कव्हरवर चिकटपट्टी लावून स्टीअरिंगचा मध्य आखून घेतला.

मग बॅटरी. या गाडीत ती बॉनेटखाली नाही, डिकीत उजव्या बाजूला आहे. आधी निगेटिव्ह काढायची.

हॉर्नचं बटण प्लॅस्टिकच्या पट्टीने उचकटून वायर सोडवली की समोर २१ मिलिमीटरचा नट दिसतो. बॉक्स पाना आणि लांब दांडा घ्या. नट सोडवताना स्टीअरिंग हातांनी किंवा दुसऱ्या माणसाकडून धरून ठेवायचं. किल्ली काढून स्टीअरिंग लॉकच्या भरवशावर जोर लावला तर लॉकची खिट्टी वाकते. नट पूर्ण काढू नका, चार-पाच आटे तसेच ठेवा. शाफ्टच्या दात्यांवर स्टीअरिंग तीस वर्षं घट्ट बसलेलं असतं आणि निघतं तेव्हा एकदम निघतं. नट नसला तर ते थेट तोंडावर येतं. नट ढिला करून शाफ्टचं टोक आणि स्टीअरिंग या दोन्हींवर मिळून रंगाची एक रेघ मारली, मग दोन्ही बाजूंना धरून डावी-उजवी आळीपाळीने खेचत राहिलो. दहा-पंधरा हिसक्यांत ‘टक’ आवाज झाला. नाही निघालं तर रात्रभर गंजतेल सोडा आणि पुलर (ओढून काढायचं अवजार) लावा. शाफ्टच्या टोकावर हातोडी मात्र मारायची नाही. टक्कर झाल्यावर कॉलम आत सरकावा अशी त्याची रचना असते. हातोडीने तुम्ही त्या रचनेला छोटी छोटी टक्करच देत असता, आणि नटाचे आटे चेपतात ते वेगळंच.

नवा हब बसवताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळवाव्या लागतात, म्हणून घाई नको. एक, हबवरची ‘वर’ची खूण शाफ्टवरच्या रेघेला. दोन, हबच्या पाठीवरच्या पिना किंवा खाचा, ज्या इंडिकेटर परत बंद करणाऱ्या प्लॅस्टिकच्या कड्यात शिरतात. तीन, हॉर्नचं तांब्याचं कडं, ज्यावर कॉलममधला स्प्रिंगचा पितळी काटा घासत राहतो. कड्याला अगदी पुसट ग्रीस लावा, नाहीतर वळताना घुशीसारखा चिरका आवाज येतो. पिना खाचेत न बसताच नट आवळला तर आतलं प्लॅस्टिक तुटतं आणि इंडिकेटर वळणानंतरही चालूच राहतो. हब हातानेच दाबून तळाला टेकतोय का बघायचं. दोन-तीन मिलिमीटर वर राहिला तर पिना अडल्यात, समजून जा.

हब टेकल्यावर तो आणि कॉलमचं कव्हर यांच्यात सगळीकडे २-३ मिलिमीटर फट हवी. माझ्याकडे एका बाजूला घासत होतं. हब वाकडा नव्हता, कव्हरचे स्क्रू ढिले होते.

नट आवळायचा तो टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने. या गाडीला ३९ ते ४९ न्यूटन-मीटर सांगितलंय, मी ४५ ठेवला. चारचाकीच्या रस्त्यावरच्या चाकांचे नट ज्या हाताने आवळतो तो हात इथे नको, त्याच्या निम्म्याहून कमी जोर पुरतो.

आता हॉर्न. निम्म्या तक्रारी याच्याच असतात. या गाडीत हॉर्नच्या बटणाकडे येणारी वायर रिलेपासून (हॉर्नचा विजेवर चालणारा स्विच) आलेली असते आणि बटण दाबलं की ती ‘अर्थ’ला, म्हणजे गाडीच्या धातूला, जोडली जाते. म्हणजे बटणाच्या दोन टोकांपैकी एक तांब्याच्या कड्याच्या वायरला आणि दुसरं हबच्या धातूला. हब किंवा स्पेसर रंगवलेला अथवा ॲनोडाइज केलेला असेल तर त्या थरातून वीज जात नाही, आणि सगळं बरोबर जोडूनही हॉर्न गप्प. अर्थच्या वायरला गोल टर्मिनल लावून ते हबच्या स्क्रूखाली, खरवडलेल्या जागेवर दाबलं की प्रश्न सुटतो. उलट प्रकार जास्त त्रासाचा: वायरचं उघडं टोक हबला टेकलं की बॅटरी जोडताक्षणी हॉर्न सुरू होतो आणि शेजारी खिडक्या उघडतात. म्हणून टोकावर आकसणारी रबरी नळी चढवा, आणि बॅटरी जोडण्याआधी मल्टिमीटरची बीप लावून बघा: बटण न दाबता बीप नको, दाबल्यावर हवी.

स्टीअरिंगचे सहा स्क्रू एम-५ चे, ३ मिलिमीटरच्या ॲलन कीचे. लांबी मोजून घ्या. स्पोकची जाडी ४ आणि हॉर्नची सजावटी रिंग २ मिलिमीटर धरली, तर १६ च्या स्क्रूचे १० मिलिमीटर हबमध्ये जातात. ॲल्युमिनियममध्ये किमान ७-८ तरी हवेत. मध्ये स्पेसर आला तर २० चे घ्या. पण भोक किती खोल आहे ते काडी घालून बघा, कारण स्क्रू तळाला टेकला की तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि स्टीअरिंग मात्र ढिलंच असतं. सगळे स्क्रू आधी बोटांनी दोन-तीन आटे, मग समोरासमोरच्या जोड्यांनी आवळायचे, ५ न्यूटन-मीटरपर्यंत, निळ्या थ्रेडलॉकचा (आटे सुटू न देणारा गोंद) एक थेंब देऊन. लाल लावू नका, पुढच्या वेळी डोकंच गोल होईल.

फिरवून बघताना दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण फिरवा, इंडिकेटर दोन्ही बाजूंचा आपोआप बंद होतो का पाहा आणि हॉर्न सरळ, पाव आणि अर्ध्या वळणावर वेगवेगळा वाजवून बघा. एका ठरावीक कोनात वाजत नसेल तर कडं मळलेलं असतं. स्टीअरिंग दोन-तीन अंश तिरकं दिसलं तर दात्यांनी ते सुटत नाही, कारण एक दाता सरकवला की त्याहून जास्त फरक पडतो. मग टाय रॉड (स्टीअरिंगची हालचाल पुढच्या चाकांपर्यंत नेणारे दांडे) फिरवावे लागतात: एका बाजूचा जितका आत, दुसऱ्या बाजूचा तितकाच बाहेर, म्हणजे टो (दोन्ही चाकं पुढून एकमेकांकडे किती कललेली आहेत ते) बदलत नाही. हे मी अलाइनमेंटच्या मशीनवरच करून घेतलं.

एअरबॅग असेल तर बॅटरी काढून किमान दहा मिनिटं थांबायचं, कारण यंत्रणेतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. निघालेलं मॉड्यूल अंगापासून दूर, सजावटीची बाजू वर करून ठेवायचं. पालथं ठेवलेलं फुटलं तर ते उडून छताला लागतं. त्याच्या वायरींना मल्टिमीटर लावायचा नाही. आणि इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत कारखान्यातून आलेली एअरबॅग उघडउघड गायब असेल तर गाडी नापास होते, म्हणून मुळात एअरबॅगवाल्या गाडीचं स्टीअरिंग मी बदललं नसतं. एअरबॅग नसलेल्या गाडीतही बदल विमा कंपनीला कळवावा लागतो. फोटो आणि पावती पाठवली की काम होतं.

पहिल्या पन्नास मैलांनंतर सहाही स्क्रू पुन्हा तपासले. प्रत्येक डोक्यावरून स्पोकवर जाणारी पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारून ठेवलीय, त्यामुळे आता हॉर्नचं बटण उचकटून नजर टाकली तरी पुरते. रेघ तुटलेली दिसली तर स्क्रू नुसता परत आवळायचा नाही. काढायचा, जुना थ्रेडलॉक तारेच्या ब्रशने साफ करायचा आणि नव्या थेंबासकट बसवायचा.