स्क्रूचं डोकं चकचकीत होतं

सरांचं म्हणणं सरळ होतं. बोट वेगात पूर्वीसारखी पाण्यावर उचलली जात नाही, जड चालते, मोटर म्हातारी झाली. आता एक मोठी बसवून द्या. आणि बसवतोच आहोत तर मागची बाजू रंगवूनही टाका. पाच मीटरची फायबरची उघडी बोट, वय वीसच्या पुढे. सर निवृत्त शिक्षक, बोट निगुतीने ठेवणारे. बाहेरून बघाल तर एक ओरखडा नाही.

मी म्हटलं, बघतो. ट्रान्सम तपासल्याशिवाय मोठी मोटर मी टांगत नाही. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची सपाट भिंत. हिच्यावर शंभर किलोच्या पुढचं वजन लटकतं आणि पुढे रेटणारा सगळा जोरही हिच्यावरच येतो. फायबर कुजत नाही हे खरं, पण जुन्या बोटीचा ट्रान्सम निव्वळ फायबरचा क्वचितच असतो. बाहेर फायबरचा एक थर, आत एक थर आणि मधे प्लायवूड. बडा घर पोकळ वासा म्हणतात ना, तो वासा इथे असतो.

पहिली परीक्षा फुकटची. मोटर अर्धवट वर उचलून लॉक केली, खालच्या टोकाला धरून वजन टाकलं आणि माझ्याकडे शिकायला असलेल्या मुलाला सांगितलं, ट्रान्समच्या वरच्या काठावर नजर ठेव. तो म्हणाला, "दादा, हलतंय." मला वाटलं मोटर हलली असेल. मग एक सरळ पट्टी ट्रान्समला आडवी लावून परत वजन टाकलं. पट्टी आणि भिंत यांच्यामधे केसभर फट उघडली, वजन काढलं की मिटली. घट्ट ट्रान्सममधे असं काही दिसायला नको.

मग हातोडी. प्लॅस्टिकच्या डोक्याची, छोटी. आतून-बाहेरून वीतभर अंतरावर ठोकत जायचं आणि कान द्यायचा. चांगल्या जागी आवाज 'टक्' येतो, हातोडी उसळते. कुजलेल्या जागी 'थप्' येतो आणि हातोडी तिथेच बसते. बाहेरून ठोकलं तर जवळजवळ सगळीकडे 'टक्' आला. मुलगा खूश. पण बाहेरचा थर जाड असतो, तो आतलं झाकतो. आतून ठोकत गेलो तेव्हा खालच्या तिसऱ्या भागात आवाज बसायला लागला. पेन्सिलने फुल्या मारत गेलो.

ओलावा मोजायचं यंत्र मुलानेच आणलं. बोटीच्या तळाला लावलं तर काटा थेट शेवटाला. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. पण शेवाळ-कालवं धरू नयेत म्हणून तळाला जो रंग लावतात त्यात तांबं असतं, आणि या यंत्राला तांबं आणि पाणी यांतला फरक कळत नाही. आत साचलेलं पाणी, पलीकडची टाकी, एखादा धातूचा पत्रा, कशानेही ते फसतं. त्यामुळे त्याचा आकडा म्हणून मी वाचत नाही; एकाच भिंतीवर इथे जास्त की तिथे, एवढंच बघतो. रंग नसलेल्या आतल्या बाजूने फिरवलं तेव्हा फुल्यांच्या जागी काटा चढला. एवढं पुरे होतं.

याच सुमाराला मी सरांना प्रवचन दिलं. बोटीत पावसाचं पाणी साचू देता, निचऱ्याचा प्लग काढून ठेवत नाही, समुद्राच्या पाण्यापेक्षा हे गोडं पाणी लाकडाला वाईट, कारण मीठ बुरशीला थोडं तरी आवरतं. लाकडात ओलावा 20 टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशीचं काही चालत नाही, तुम्ही तिला आयती सोय करून दिलीत, वगैरे. माझ्या मते पाणी निचऱ्याच्या भोकातूनच शिरलं होतं. तिथे प्लायवूडची कड उघडी पडते आणि ती पाणी पिते. सर शांतपणे ऐकत होते. वर्गात त्यांनी माझ्यासारखे बरेच पाहिले असणार.

शेवटचा निवाडा ड्रिलचा. सहा मिलीमीटरचं बिट, त्यावर मापाने चिकटपट्टी गुंडाळलेली, म्हणजे बाहेरचा थर फुटायचा नाही. भोकं आतूनच पाडायची. प्रत्येक भोकाखाली पांढरा कागद धरायचा आणि पडलेल्या किसासह त्यावर नंबर टाकायचा. पहिलं भोक वर, मोटरच्या बोल्टजवळ: कीस फिकट, कुरकुरीत, ताज्या लाकडाचा वास. मधलं: तपकिरी, पण अजून कोरडं. निचऱ्याच्या भोकाला लागून पाडलेलं: तपकिरी आणि दमट. मग उजव्या कोपऱ्यात खाली बिट टेकवलं. आतला थर फुटला आणि ड्रिल आवाज न करता आत गेलं, जणू पुढे काही नव्हतंच. बिट मागे घेतलं तर ओल्या तंबाखूसारखा काळा लगदा आला आणि पाठोपाठ पाण्याची धार. बंद डबक्याचा वास. ती धार बराच वेळ थांबली नाही. सर चष्मा काढून जवळ येऊन बघत राहिले.

आता फोडण्यावाचून इलाज नव्हता. मोटर उतरवली. मास्क लावून आतल्या थराला कडेने चार बोटं सोडून चौकट कापली आणि पटाशी घातली. चांगल्या ट्रान्सममधे हा थर लाकडाला धरून बसतो, इंच-इंच सोलावा लागतो. इथे खालचा अर्धा भाग हातानेच निघाला. मागे प्लायवूडचे थर भिजलेल्या वहीच्या पानांसारखे सुटत होते.

आणि तिथे माझा सिद्धांत कोसळला. निचऱ्याच्या भोकाभोवतीचं लाकूड खराब होतं, पण तिथलं सील शाबूत होतं आणि तिथला डाग फिका. सगळ्यात काळी जागा उजवीकडे खाली होती, आणि तिथून काळेपणा पंख्यासारखा पसरत गेला होता. पंख्याच्या मुठीशी दोन स्क्रू. बाहेरच्या बाजूला, पाण्याच्या पातळीखाली, खोली मोजायच्या सेन्सरचा कंस त्या दोन स्क्रूंवर लावलेला होता.

मुलगा म्हणाला, "दादा, हा कुठल्या गाढवाने बसवलाय?"

मी काहीच बोललो नाही. स्क्रू काढायला घेतले. पहिला अर्ध्या फेऱ्यातच सुटला. बाहेरून डोकं लख्ख, नव्यासारखं. दांडा मात्र खाऊन खाऊन सुईएवढा उरला होता. स्टेनलेसला चकचकीत राहायला हवा लागते. खाऱ्या, कोंडलेल्या ओल्या लाकडात त्याचं वरचं कवच परत धरत नाही आणि तो आतल्या आत झिजतो. दुसरा तर डोक्याखाली तुटूनच हातात आला. कंस बाजूला झाला आणि त्याच्याखाली पेन्सिलची फुली दिसली. एक रेघ लांब, एक आखूड, आखूड रेघेच्या टोकाला ठिपका. मी मघाशी आतून डझनभर मारल्या होत्या, तशीच.

सहा वर्षांपूर्वी तो सेन्सर मीच बसवला होता. मला दिवससुद्धा आठवला, कारण संध्याकाळ झाली होती आणि सरांना सकाळी बोट हवी होती. भोक पाडलं, स्क्रूच्या डोक्याखाली सीलंट फासलं, आवळलं, कडेने बाहेर आलेलं बोटाने पुसलं. कोरड्या प्लायवूडमधे पाण्याखाली नुसता स्क्रू घालू नये हे मला तेव्हाही माहीत होतं. भोक मोठं पाडून घट्ट इपॉक्सीने, म्हणजे दोन भाग मिसळून कडक होणाऱ्या रेझिनने, बुजवायचं, दुसऱ्या दिवशी त्या इपॉक्सीत बारीक भोक पाडायचं आणि स्क्रू त्यात घालायचा. म्हणजे सीलंट गेलं तरी पाणी लाकडापर्यंत पोचत नाही. त्यासाठी एक रात्र लागते. ती मी वाचवली होती.

"सर," मी म्हटलं, "हे माझंच काम आहे."

ते थोडा वेळ त्या फुलीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग मघाशी मला जे ऐकवलंत ते परत घ्या."

घेतलं.

त्यानंतर दिवसभर नुकसान कुठवर गेलंय ते शोधत होतो. तळाला लांबीने धावणारे लाकडी स्ट्रिंगर ट्रान्समला येऊन टेकतात, म्हणजे कूज पुढे सरकायला वाट तयारच असते. उजव्या स्ट्रिंगरचं शेवटचं हातभर लाकूड गेलेलं निघालं, डावा ठणठणीत. फळीखाली तरंगण्यासाठी भरलेला फोम दाबला तर बोटांमधून पाणी. कोरडा असता तर 20 लिटरच्या बादलीभर फोमचं वजन पाऊण किलोही भरलं नसतं. आमची पहिली बादली 11 किलोला गेली. अशा सात बादल्या निघाल्या. बोट का उचलली जात नव्हती, याचं उत्तर त्या बादल्यांत होतं.

पुढचं काम नेहमीचं, फक्त लांबलचक. बाहेरचा थर घासून स्वच्छ केला आणि घाई न करता सुकू दिला. 18 मिलीमीटरचे मरीन प्लायवूडचे दोन तुकडे, कडा आणि पृष्ठभाग आधी इपॉक्सी पाजून, मग घट्ट केलेल्या इपॉक्सीत बसवून क्लॅम्पने दाबले. कोपऱ्यांत गोलाई भरली, कारण काचेचं कापड काटकोनात नीट वळत नाही. जुन्या थराची कड जाडीच्या बारा पट लांबीचा उतार देऊन घासली, त्यावर विणीचं कापड चढवलं. पोरगा काचेच्या तुटक धाग्यांची साधी मॅट घेऊन आला होता, ती परत पाठवली. तिचा बांधणारा पदार्थ पॉलिएस्टर रेझिनमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत ती ताठच राहते. मजुरी माझी, सामान सरांचं असं मी सांगितलं. सर अर्ध्या मजुरीवर अडून बसले आणि शेवटी त्यांचंच खरं झालं.

सेन्सर आता प्लॅस्टिकच्या जाड ठोकळ्यावर आहे आणि ठोकळा बाहेरून चिकटवलेला. ट्रान्सममधे एकही स्क्रू नाही. मोटर जुनीच बसवली. पाण्यात उतरवल्यावर बोट सहज उचलली गेली, नवीन मोटरचा विषय सरांनी परत काढला नाही.

त्या वर्षाची वही काढून बघितली. तसाच सेन्सर मी आणखी दोन बोटींवर बसवला होता. एकीच्या मालकाला बोलावून आतून भोक पाडलं. कीस पांढरा, कोरडा निघाला. तरी स्क्रू काढून भोकं इपॉक्सीने बुजवली. दुसऱ्याने बोट कधीच विकली होती. विकत घेणाऱ्याचा नंबर त्याच्याकडे नाही, तो शोधतो म्हणालाय. परवा मी परत फोन केला.