तिघांमागे एक मोठं माणूस

२०२२ च्या सप्टेंबरातली गोष्ट. मी पोळ्या करत होते आणि सई ओट्याला टेकून उभी राहिली. काही मागायचं असलं की ती अशीच उभी राहते आणि तव्यावरची पोळी उलटायला आपणहून पुढे होते. म्हणाली, "आई, पुढच्या महिन्यात एका शुक्रवारी रात्री तू मोकळी असशील का? आम्हाला नॉट्सच्या स्केरी फार्मला जायचंय. एकवीस वर्षांच्या वरचं कुणीतरी सोबत लागतं." स्केरी फार्म म्हणजे आमच्या जवळच्या नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन पार्कातली रात्रीची भुतांची जत्रा.

त्या वीकेंडला पुण्याला फोन केला तेव्हा आई एकदम म्हणाली, "अगं, पंधरा वर्षांच्या पोरी, मध्यरात्रीपर्यंत, आणि त्याही भुतांच्या जत्रेत?" वहिनीनेही नंतर वेगळा मेसेज करून विचारलं की तिथे मुलांना असं सोडतात तरी कसे. त्या दोघींना फोनवर जे नीट सांगता आलं नाही, ते इथे लिहिते आहे.

आम्ही लॉस एंजेलिसच्या दक्षिणेला सेरिटोसमध्ये राहतो. अ‍ॅनाहाइमचं डिस्नीलँड गाडीने वीसेक मिनिटांवर, आणि ब्युएना पार्कमधलं नॉट्स बेरी फार्म त्याहूनही जवळ. भारतातून पाहुणे आले की ही ठिकाणं म्हणजे आयुष्यात एकदाची सहल असते. पण इथे वाढणाऱ्या कितीतरी मुलांकडे वर्षभराचा पास असतो आणि ती तिथे सहज जातात, जशा आम्ही शाळेत असताना सारसबागेत भेळ खायला जायचो. त्यामुळे "मुलांना एकटं सोडायचं का" हा प्रश्न इथल्या आईबापांपुढे वर्षातून एकदा नाही, दर महिन्याला येतो.

डिस्नीलँडचा नियम सोपा आहे. २०१३ च्या मार्चपासून तिथे चौदा वर्षांखालच्या मुलाला एकट्याने आत जाता येत नाही, बरोबर चौदा किंवा त्याहून मोठं कुणीतरी हवं. सात वर्षांखालच्या मुलाला पाळण्यात किंवा राइडमध्ये बसवतानाही असंच कुणीतरी जवळ लागतं. बरोबर येणारं माणूस सज्ञान असलंच पाहिजे असं हा नियम म्हणत नाही. आठवीनववीतला दादा धाकट्या बहिणीला घेऊन गेला तरी चालतं. मला हा नियम पहिल्यांदा कळला तेव्हा धक्का बसला होता. चौदा वर्षांचा मुलगा काय सांभाळणार? मग आठवलं, मी स्वतः सहावीत असल्यापासून धाकट्या भावाला शाळेत नेत-आणत होते, आणि वाटेत अलका टॉकीजचा चौक लागायचा.

सईला चौदा पूर्ण झाली ती २०२१ च्या उन्हाळ्यात. कोविडमुळे वर्षाहून जास्त काळ बंद असलेलं पार्क त्या एप्रिलच्या शेवटी उघडलं होतं आणि मुलं घरात कोंडून अगदी कंटाळली होती. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी अशा तिघींना मी हार्बर बुलेवार्डवर उतरवलं. रात्री आठला याच जागी, असं ठरलं. दुपारी फोटो आले. पाचनंतर काहीच नाही. मेसेज पोचत नव्हते आणि फोन लावला की थेट रेकॉर्ड केलेला आवाज. मी साडेपाचपर्यंत धीर धरला आणि मग गाडीची किल्ली हातात घेऊन हॉलमध्ये येरझाऱ्या घालायला लागले.

पावणेसहाला फोन आला तो तिच्या कोरियन मैत्रिणीच्या आईचा. तिकीट फोनवर, राइडच्या रांगेची वेळ फोनवर, खायची ऑर्डर फोनवर, फोटोही फोनवर, त्यामुळे तिघींच्याही बॅटऱ्या संपल्या होत्या. पोरी शहाण्या, पार्कच्या दारापाशीच्या सिटी हॉल नावाच्या मदत कक्षात गेल्या. तिथल्या बाईंनी फोन पुढे केला. आणि तेव्हा कळलं, सईला माझा नंबर येत नाही. तिच्या बाबांचाही येत नाही. फोनमध्ये "आई" असं लिहिलेलं दाबायचं, एवढंच तिला ठाऊक. त्या कोरियन मुलीला मात्र आईचा नंबर तोंडपाठ होता, कारण ती दुसरीत असतानाच आईने तो पाठ करून घेतला होता.

मी सईला रागावले नाही. चूक माझी होती. एवढी वर्षं मी तिला रोज आठवणीने पाण्याची बाटली दिली, पण दहा आकडे दिले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून आठवडाभर संध्याकाळी देवापुढे दिवा लावला की ती दोन्ही नंबर म्हणून दाखवायची. आमच्या लहानपणी शुभंकरोतीनंतर पाढे असायचे, तसं.

आता नॉट्सबद्दल. हे पार्क मुळात खरंच शेत होतं. वॉल्टर नॉट इथे बॉयसनबेरी नावाची फळं पिकवून विकायचे, १९३४ मध्ये त्यांच्या बायकोने, कॉर्डेलियाबाईंनी, तळलेल्या कोंबडीचं जेवण वाढायला सुरुवात केली आणि लोकांच्या रांगा लागल्या. त्या थांबलेल्या लोकांचं मन रमावं म्हणून नॉटनी जुन्या खाणगावांसारखं एक लाकडी गाव उभं केलं, ते आजचं घोस्ट टाउन. १९७३ पासून ऑक्टोबरात याच गावात रात्री भुतं सोडतात. संध्याकाळी सातला सुरू होतं ते मध्यरात्र उलटून जाईपर्यंत. मुखवटे घातलेले नट धुक्यातून अचानक पुढ्यात येतात. काहींच्या गुडघ्यांना आणि हातमोज्यांना धातूच्या पट्ट्या असतात. ते पळत येऊन जमिनीवर घसरतात आणि फरशीवरून ठिणग्या उडतात. अंगाला हात मात्र कुणी लावत नाही. बघायला आलेल्यांनी सोंग घेऊन किंवा मुखवटा लावून यायचं नाही असाही नियम आहे, आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. गर्दीत भूत कोण आणि माणूस कोण हे स्पष्ट कळलंच पाहिजे.

२०२२ च्या जुलैपर्यंत तिथे दहावी-अकरावीची मुलं आपापली जात होती. त्या महिन्यात एका शनिवारी रात्री पार्कात मुलांच्या टोळक्यांमध्ये मारामाऱ्या झाल्या, लोक घाबरून पळाले आणि पार्क वेळेआधीच बंद करावं लागलं. आठवड्याभरात नवा नियम आला, शुक्रवार ते रविवार सतरा किंवा त्याहून लहान मुलांना एकटं सोडणार नाही. बरोबर एकवीस पूर्ण झालेलं माणूस हवं, त्याने दारात फोटोचं ओळखपत्र दाखवायचं, आणि एका मोठ्या माणसामागे जास्तीत जास्त तीन मुलं. पुढच्या वर्षी नॉट्स चालवणाऱ्या कंपनीने ओहायोतल्या किंग्ज आयलंडसारख्या आणखी पार्कांतही संध्याकाळी चारनंतरसाठी असाच नियम केला, फक्त तिथे वय पंधरापर्यंतचं.

पण या नियमातला माझ्या लक्षात राहिलेला भाग वेगळाच आहे. मोठ्या माणसाने मुलांच्या मागे मागे फिरायचं असं तो म्हणत नव्हता. त्याने मुलांबरोबर आत यायचं, ती असेपर्यंत पार्कातच थांबायचं आणि फोनवर सापडायचं, एवढंच. सईने मला हे वाचून दाखवलं आणि म्हणाली, "बघ, तुला आमच्याबरोबर घाबरायचं नाहीये. तू फक्त असायचंस."

अडचण आली ती आकड्याची, कारण मुली चार होत्या. चौथीची आई हॉस्पिटलात रात्रपाळीची नर्स, वडील जवळ राहत नाहीत. तिच्या घरातून शुक्रवारी रात्री येणार कोण? आणि आलं असतं तरी सोबतीला येणाऱ्यालाही तिकीट काढावंच लागतं. इथे मला या नियमाबद्दल खरंच वाईट वाटलं. मारामारी केली दुसऱ्या कुणी आणि दारात अडते ती रात्रपाळी करणाऱ्या आईची मुलगी. नियम नको असं मी म्हणत नाही. त्या रात्री धावाधावीत लहान मुलं हातातून सुटली असतील, त्यांच्या आया मला डोळ्यांसमोर दिसतात. पण ज्यांच्या घरी शुक्रवारी रात्री रिकामं मोठं माणूस नाही, त्यांची मुलं घरीच राहतात, आणि ही गोष्ट कोणत्याही फलकावर लिहिलेली नसते. शेवटी सईच्या बाबांनी रजा टाकली आणि आम्ही दोघंही गेलो.

कुणी म्हणेल, सोळा वर्षांच्या मुलांना तर इथे गाडीचा परवाना मिळतो, मग एवढं काय? तो परवानाही कॅलिफोर्नियात अटी घालूनच मिळतो. अठरा पूर्ण होईपर्यंत, पहिले बारा महिने, रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी चालवायची नाही आणि विसाखालच्या कुणाला गाडीत बसवायचं नाही, शेजारी पंचविशीपुढचं परवानाधारक माणूस असल्याशिवाय. म्हणजे सोळा वर्षांचा मुलगा मित्रांना घेऊन पार्कात जाऊ शकत नाही आणि मध्यरात्री परत आणूही शकत नाही. न्यायला-आणायला कुणीतरी लागतंच. इथलं स्वातंत्र्य आमच्या आईला तिकडून फार मोकळं दिसतं. जवळून पाहिलं तर ते मापून, टप्प्याटप्प्याने दिलेलं असतं.

तर त्या रात्री साडेसातला आम्ही आत गेलो. मी पोरींना घेऊन थेट घोस्ट टाउनमधल्या कॅलिको सलूनपाशी गेले. सलून म्हणजे आपलं केस कापायचं नव्हे, जुन्या काळचा दारूचा गुत्ता. त्याच्यासमोरच्या एका लाकडी बाकावर हात ठेवून म्हटलं, "आम्ही दोघं इथे बसणार. जेवायला उठलो तरी एक जण इथेच असेल. साडेबाराला इथे. चुकामूक झाली तर शोधत फिरायचं नाही, इथे यायचं." चौघींनी माना हलवल्या आणि धुक्यात शिरल्या.

हे शब्द तोंडातून बाहेर पडले आणि मला जाणवलं की ते माझे नाहीत.

मी सातवीत असताना आम्ही शनिवार पेठेतल्या वाड्यात राहायचो. गणपतीत रात्रीचे देखावे बघायला जायचा हट्ट धरला तर वडील एकच विचारायचे, "दादा येतोय का?" दादा म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचा, कॉलेजात शिकणारा मुलगा. तो हो म्हणाला की आम्ही पाच-सहा जण निघायचो. दादा आमच्याबरोबर एकही देखावा बघायचा नाही. मंडईत टिळकांच्या पुतळ्यापाशी त्याचा मित्रांचा अड्डा असायचा. तिथे पोचलं की तो सांगायचा, "मी इथे आहे. साडेबाराला इथे. हरवलात तर शोधत फिरायचं नाही, इथे यायचं." मग आम्ही गर्दीत घुसायचो. एका वर्षी तुळशीबागेजवळ माझी चप्पल तुटली आणि मागे वळून बघते तर बाकीचे दिसेनात. ढोल, माणसांच्या पाठी, उदबत्तीचा आणि घामाचा वास. रडू गळ्याशी आलं होतं, पण कुठे जायचं ते माहीत होतं. एका पायात चप्पल घालून मी पुतळ्यापर्यंत गेले. दादाने गप्पा न थांबवता सरकून मला जागा दिली. ते सरकणं मला अजून आठवतं.

म्हणजे एका मोठ्या माणसामागे मुलं, तो जागेवर आणि मुलं मोकळी, हा नियम माझ्या वडिलांनी शनिवार पेठेत कितीतरी आधी लावला होता. फरक एवढाच की दादा फुकट होता, वाड्यात राहत होता, आणि सहा मुलांमागे तो एक पुरत होता. इथे अशी माणसं शोधून, विचारून, तारखा जुळवून उभी करावी लागतात. मला वाटतं, परदेशात मुलं वाढवताना सगळ्यात जास्त दमवणारी गोष्ट हीच आहे.

साडेदहाच्या सुमाराला चौथी मुलगी, ती नर्सबाईंची, एकटीच येताना दिसली. चेहरा पांढरा पडला होता. मी उठले नाही, काही विचारलंही नाही, फक्त बाजूला सरकले. ती बसली. मागे कुठेतरी धातू फरशीवर घासल्याचा आवाज आला तशी तिने माझ्या जॅकेटची बाही धरली. तिचे हात गार पडले होते. सईच्या बाबांनी बॉयसनबेरीचा पाय, म्हणजे आत फळांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, आणून तिच्या मांडीवर ठेवला. अर्धा खाऊन झाल्यावर ती म्हणाली, एका भुलभुलैयात तिचा हात मैत्रिणीच्या हातातून सुटला आणि बाहेर आल्यावर कुणीच दिसलं नाही. मी म्हटलं, "मग इथे आलीस, बरं केलंस." सईला मेसेज केला. पाच मिनिटांत तिघी धावत आल्या, एकमेकींना ढकलत, हसत, "तू कुठे गेलीस गं" करत. मला वाटलं होतं ती आता आमच्यापाशीच बसेल. तिने उरलेला पाय संपवला, बोटं पुसली आणि परत गेली.

साडेबाराला चौघी बाकापाशी होत्या. घरी पोचेपर्यंत एक वाजून गेला. पोरी हॉलमध्ये गाद्या टाकून झोपल्या. सकाळी आठला नर्सबाई पाळी संपवून तशाच, हॉस्पिटलच्या कपड्यांत, मुलीला न्यायला आल्या. मी त्यांना चहा दिला. डोळे तांबारलेले, पण बसल्या बसल्या त्यांनी लेकीला विचारलं, "हे दोघं कुठे होते गं रात्री?"

मी उत्तर देणार एवढ्यात गादीवरून आवाज आला, "सलूनसमोर, डावीकडच्या बाकावर. सगळा वेळ."