पासंग

शनिवारी दुपारी तीनच्या सुमाराला, चर्चच्या हॉलमागच्या कोठीत, रिकाम्या वजनकाट्यावर ०.०१५ हा आकडा दिसला आणि माझा हात थांबला.

काट्यावर काहीच नव्हतं. पिशवी नाही, परात नाही, माशीसुद्धा नाही. तरी काटा म्हणतो पंधरा ग्रॅम. मी शून्याचं बटण दाबलं. शून्य आलं, दोन सेकंद टिकलं आणि परत पंधरा. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. पोत्याची सुतळी उसवत बसलेला माझा जोडीदार मान वर न करता म्हणाला, "ब्रदर, तांदूळ आहे. युरेनियम नाही."

हा जोडीदार लोकलचा मोटरमन होता. आता तोही माझ्यासारखाच निवृत्त. आमच्या संस्थेत सगळे एकमेकांना ब्रदर म्हणतात. सरासरी वय सत्तरीला टेकलेलं, त्यामुळे ब्रदर म्हणताना कुणाची तरी कवळी हलतेच.

युरेनियमचा टोमणा मला आठवड्यातून एकदा तरी मिळतो. छत्तीस वर्षं ट्रॉम्बेला भाभा केंद्रात काढल्यावर एवढं चालायचंच. खरं तर माझं बरंचसं आयुष्य युरेनियमपेक्षा तराजूपाशी गेलं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतला तराजू म्हणजे देवघर. दगडी ओट्यावर तो बसवलेला, चारी बाजूंनी काच. वजन करताना पंखा बंद, दारं बंद, श्वास जमल्यास बंद. भांडं चिमट्यानेच उचलायचं, कारण बोटाच्या ठशालाही वजन असतं. भांडं जरा कोमट असलं तर आतली हवा हलते आणि वजन कमी भरतं. त्या खोलीत मोठ्याने हसायला मनाई होती. तशी पाटी लावलेली नव्हती, पण होती.

२०१६ साली निवृत्त झालो. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं आणि एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं. आता वेळ बघायची गरज नाही अशा माणसाला घड्याळच का देतात कोण जाणे. ते दिवसाला चाळीस सेकंद पुढे जायचं. पहिले चार महिने मी ते वेळेवर आणण्यात घालवले. मग स्वयंपाकघराकडे वळलो. चहाच्या डब्यातला चमचा एका वेळी किती पावडर उचलतो, तो शिगेचा भरला तर किती, सपाट केला तर किती, याचा तक्ता फ्रिजवर लावला. ही दोन दिवस काही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी, रविवारी, मिस्सा संपल्यावर तिने फादरना दारातच गाठलं आणि म्हणाली, "फादर, ह्यांना काहीतरी वजन करायला द्या."

असा मी सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीत, म्हणजे गरजू कुटुंबांना घरी जाऊन मदत करणाऱ्या कॅथलिक संस्थेत, आलो. लोक मला विचारतात, प्रेरणा काय होती? मी गप्प बसतो.

आमच्या शाखेला कॉन्फरन्स म्हणतात. वैज्ञानिकाला हा शब्द ऐकून वाटतं, आता सरकचित्रं दाखवतील, मधल्या सुट्टीत वेफर्स देतील. इथे सुरुवातीला प्रार्थना, मग कुणाच्या घरी काय अडलंय त्याची चर्चा, आणि शेवटी एक कापडी पिशवी फिरते. तिला सिक्रेट बॅग म्हणतात. प्रत्येकाने मूठ मिटून हात आत घालायचा आणि उघडून बाहेर काढायचा. कुणी किती टाकले, टाकले की नाही, कुणाला कळत नाही. मला सुरुवातीला हे फार खुपलं. बेरीज कळते पण घटक कळत नाहीत, असला प्रयोग आमच्याकडे कुणी केला असता तर त्याला परत पाठवला असता. एकदा मी खजिनदाराला नोटांच्या घड्यांवरून अंदाज बांधता येईल असं सुचवून पाहिलं. त्याने चष्मा खाली ओढून माझ्याकडे असं पाहिलं की मी विषय पावसावर नेला.

ही सोसायटी पॅरिसची. १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम नावाच्या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने पाच मित्र जमवून ती सुरू केली. आदल्याच वर्षी पॅरिसमध्ये पटकी येऊन गेली होती. तुमचा धर्म गरिबांसाठी आज काय करतोय, असा टोमणा कुणीतरी त्याला मारला होता. टोमण्यातून निघालेली संस्था म्हणून मला ती आवडते. सांगतात की ओझानाम आणि त्याचा एक मित्र यांनी पहिल्यांदा केलं काय, तर हिवाळ्यासाठी साठवलेलं सरपण एका विधवेच्या घरी पोचवलं. किती किलो सरपण होतं, याची नोंद मला तरी सापडली नाही.

आणि किलोही पॅरिसचाच. म्हणजे सेव्हरचा, पण ते पॅरिसला लागूनच. प्लॅटिनम आणि इरिडियमचा एक ठोकळा १८८९ पासून तिथल्या तिजोरीत एकात एक काचेच्या झाकणांखाली बसून आहे. जगातला एक किलो म्हणजे तो. त्याच्या नकला देशोदेशी गेल्या. आपल्याकडची सत्तावन्न नंबरची, दिल्लीला. पुढे कधीतरी नकला आणि अस्सल पुन्हा शेजारी ठेवून तोलले, तर शतकभरात त्यांच्यात पन्नासेक मायक्रोग्रॅमची तफावत पडलेली. तांदळाच्या एका दाण्याचे चारशे तुकडे केले तर एक तुकडा, एवढी. पण अस्सलच किलो असल्यामुळे ते चुकलं असं म्हणायची सोय नव्हती! व्याख्येप्रमाणे बाकीचं सगळं जगच चुकत होतं. शेवटी २० मे २०१९ पासून किलोची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावर बांधली आणि तो ठोकळा मोकळा झाला. माझ्यानंतर तीन वर्षांनी किलोग्रॅमही निवृत्त. मी ही बातमी हिला वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्याला घड्याळ दिलं का?"

तर, पंधरा ग्रॅम. रिकामा काटा पंधरा दाखवतो याचा अर्थ पाच किलो दिसेल तेव्हा पिशवीत चार किलो नऊशे पंच्याऐंशीच असतील. मी हे मोटरमनला समजावून सांगितलं. भरात येऊन पुढचंही सांगितलं. पॅरिसला जुळवलेला स्प्रिंगचा काटा तसाच मुंबईला आणला तर पाच किलोला बारा ग्रॅम कमी दाखवेल, कारण विषुववृत्ताकडे सरकलं की पृथ्वी आपल्याला जरा सैल धरते. तो म्हणाला, "म्हणून इथे दारात लटकून पण माणूस पडत नाय." मग त्याने पिशवी ओढली, पोत्यात हात घातला आणि वर एक मूठ तांदूळ टाकला.

ही त्याची जुनी खोड. मी तोलून गाठ मारायच्या आत तो वरून मूठ टाकतो. त्याच्या दहा मुठी मी एकदा मोजल्या आहेत. पंचावन्न ते सत्तर ग्रॅम. अकरा कुटुंबं, म्हणजे अकरा मुठी, म्हणजे दर खेपेला पाऊण किलोच्या आतबाहेर तांदूळ हिशेबाबाहेर जातो. साठ्याची वही माझ्याकडे. ही तूट दाखवायची कुठे? शेवटी मी 'सांडलवंड' असं सदर उघडलं. तपासनीसाने अजून हरकत घेतलेली नाही.

पासंग हा शब्द आता फक्त म्हणीत उरलाय. अमका तमक्याच्या पासंगालाही पुरणार नाही, असं म्हणणाऱ्या किती जणांनी पासंग डोळ्यांनी पाहिलाय? मी पाहिलाय. वसईला आमच्या पडवीत खुंटीला बाबांची तागडी टांगलेली असायची. मालाचं पारडं एकदा फुटलं, त्याला तांब्याचा डाग दिला, तेव्हापासून ते जड झालं. म्हणून वजनांच्या पारड्याला खालून काथ्याने एक दगड बांधलेला. समुद्रावरचा, पांढरा, गुळगुळीत, सुपारीएवढा. तोच पासंग. तो असला की दांडी सरळ. बाबा रोज पहाटे निघण्याआधी तागडी रिकामी उचलून दांडी बघायचे आणि मग पाट्या घेऊन पहिल्या गाड्यांपैकी एखादीने दादरला. वांगी, वालाच्या शेंगा, दुधी.

मी नऊ वर्षांचा होतो. घरासमोर अंगणात लंगडीच्या घरांचा खेळ रंगलेला आणि मला एक चांगला खडा हवा होता. एवढंच. दुसऱ्या दिवशी बाबांना उशीर झाला होता, त्यांनी दांडी न बघताच तागडी पाटीत टाकली असणार. दादरला एका गिऱ्हाइकाने ती रिकामी उचलून धरली. मालाचं पारडं खाली. पुढे काय झालं ते मला आईकडून तुकड्या-तुकड्यांत कळलं. ते गिऱ्हाईक काय बोललं ते आईने कधीच सांगितलं नाही.

आज मी हिशेब करू शकतो. सुपारीएवढा दगड म्हणजे बारा-तेरा ग्रॅम. किलोभर वांग्यांत बारा-तेरा ग्रॅम. वांग्याचं देठ त्याहून जड भरेल. पण बाबांना ग्रॅम नव्हते बघायचे. सकाळपासून किती जणांना कमी गेलं ते त्यांना माहीत नव्हतं, माणसं तर गर्दीत निघून गेलेली. त्या दिवशी उरलेल्या सगळ्यांना त्यांनी वर मूठ-मूठ शेंगा घातल्या. संध्याकाळी घरी आले, आम्हा भावंडांपैकी कुणालाही काही विचारलं नाही, समुद्रावर जाऊन दुसरा दगड आणला, बांधला, दांडी सरळ केली. दांडी सरळ झाल्यावरही वरची मूठ मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. आई कुरकुरायची.

मी दगड विहिरीत टाकून दिला होता. शनिवारी पापनिवेदनाला गेलो तेव्हा जाळीपलीकडच्या फादरना सांगितलं, मी दगड चोरला. ते विचारात पडले. "केवढा?" मी म्हटलं, सुपारीएवढा. त्यांनी तीनदा नमो मरिया म्हणायला सांगितलं. तेवढ्यात ते प्रकरण देवाच्या वहीतून निकाली निघालं. बाबांना सांगायचं राहिलं.

पाच वाजता आम्ही दोघं मानखुर्दला गेलो. आमच्यात घरभेटीला जोडीनेच जायचं असतं. चौथा मजला, जिन्यात काळोख, मोटरमन दर मजल्यावर थांबून श्वास घेतो आणि मी थांबल्यासारखं दाखवतो. दार आजीने उघडलं. ती जालन्याकडची. नातू आठवीत आहे, त्याच्याखेरीज तिचं आता मुंबईत कुणी नाही. आम्हाला ती 'चर्चवाले भाऊ' म्हणते. तिच्या भिंतीवर विठोबा आहे, त्याला आमची काही अडचण दिसत नाही.

तिने पिशवी घेतली आणि डब्यावर वाकून पत्र्याच्या जुन्या मापट्याने तांदूळ भरायला लागली. "लाभ," ती म्हणाली. मग "दोन." मग "तीन." एक म्हणायचं नसतं, पहिलं माप लाभाचं. हे मी पन्नास-साठ वर्षांत ऐकलं नव्हतं. आमची आजी भात मोजताना असंच म्हणायची. मी मनात तिच्याबरोबर मोजत होतो. अकरा मापटी झाली आणि पिशवीच्या तळाशी थोडे उरले, मूठभर. ते तिने ओंजळीत घेतले, खिडकीशी गेली आणि कठड्यावर पसरले. दोन चिमण्या जणू वाट बघतच होत्या.

मी मोटरमनकडे पाहिलं. तो बाहेर बघत होता.

जिना उतरताना त्याने विचारलं, "मग, काटा दुरुस्तीला टाकायचा काय?"

म्हटलं, राहू दे. आधी सेल बदलून बघू.