तीन गावांची दुकाने, एक जाळे

बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथे दुकाने असलेल्या एका बियाणे-व्यापाऱ्यासाठी संगणकांचे जाळे आखताना माझा सर्वाधिक वेळ आयपी पत्त्यांच्या, म्हणजे जाळ्यातल्या प्रत्येक यंत्राला मिळणाऱ्या क्रमांकांच्या, वाटणीत गेला. तिन्ही राउटरवर मुळातलीच १९२.१६८.१.० ही मालिका होती. अशा शाखा व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून जाणाऱ्या खासगी जोडणीने, जोडल्या, तर माहिती पलीकडे पाठवायची की इथेच ठेवायची, हे राउटरला ठरवता येत नाही. म्हणून बेळगावला १०.१.१.०, खानापूरला १०.२.१.० आणि निपाणीला १०.३.१.० अशा स्वतंत्र मालिका २४ बिटांच्या मास्कसह दिल्या; म्हणजे पत्त्याचे पहिले तीन आकडे गावाचे आणि शेवटचा यंत्राचा. प्रत्येकीत २५४ यंत्रे मावतात, शिवाय पत्ता पाहताच गाव कळते, आणि ही सोय मला फार मोलाची वाटते.

सर्व्हर बेळगावात ठेवून तिथे स्थिर, म्हणजे न बदलणारा, आयपी घेतला.

खानापूरचा पाऊस मात्र वेगळा विचार मागतो. तिथे फायबर तुटल्यास दुसऱ्या कंपनीचे ४जी सिम आपोआप काम हाती घेते; मोबाईल जोडणीला बहुधा स्वतःचा सार्वजनिक, म्हणजे बाहेरून थेट गाठता येणारा, पत्ता नसल्याने व्हीपीएनच्या बोगद्याची (दोन शाखांमधल्या जोडणीची) सुरुवात खानापूरकडूनच होईल, अशी मांडणी मी केली. राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही यूपीएसवर आहेत. दोन्ही वाटा बंद पडल्या, तरी बिले दुकानातल्याच संगणकावर बनतात व जोडणी परतल्यावर बेळगावला पोहोचतात, कारण पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याला ताटकळत ठेवणे मला मान्य नव्हते.