वायोंतला जाणार असाल तर डोंगर आधी बघा, धरण नंतर

उत्तर इटलीतलं वायोंत धरण अजून उभं आहे, आणि तेच पाहून माणूस चक्रावतो. 261.6 मीटर उंचीची काँक्रीटची भिंत, पण मागे तळंच नाही. 9 ऑक्टोबर 1963 रोजी रात्री 10:39 वाजता मोंते टोक या डोंगराचा सुमारे 26 कोटी घनमीटर भाग जलाशयात घसरला. पाणी भिंतीवरून उसळलं आणि खालचं लोंगारोने गाव काही मिनिटांत धुऊन गेलं. जवळपास 2,000 माणसं मेली. भिंत जवळजवळ शाबूत राहिली.

लोंगारोनेपर्यंत रेल्वे आहे. तिथून एर्तो गावाकडे रस्ता चढतो; वाटेत बोगदे लागतात, सायकल असेल तर दिवे हवेतच. धरणाच्या माथ्यावर मार्गदर्शकाबरोबरच सोडतात, म्हणून आधी नोंदणी करा.

बहुतेक लोक भिंतीचे फोटो काढून परततात. तुम्ही तिच्याकडे पाठ करून उभे राहा. समोरची झाडीने भरलेली टेकडी म्हणजेच घसरलेला डोंगर. नजर आणखी वर न्या: चुनखडीची उघडी, तिरकी सपाटी दिसेल. थरांमध्ये चिकणमातीचे पातळ पट्टे होते. जलाशय भरला तसा खडकातल्या पाण्याचा दाब वाढला आणि वरच्या थरांची पकड सुटत गेली.

डोंगराने सूचना दिली नव्हती असं नाही. 1960 च्या ऑक्टोबरात उतारावर सुमारे 2 किलोमीटर लांब भेग पडली. 4 नोव्हेंबरला 7 लाख घनमीटरचा तुकडा पाण्यात गेला. त्यावर उपाय काय, तर पाण्याची पातळी वर-खाली करून घसरण ताब्यात ठेवायची! छोट्या प्रतिकृतीत खडी घसरवून पाहिली आणि समुद्रसपाटीपासून 700 मीटरची पातळी सुरक्षित ठरवली. त्या रात्री पाणी नेमकं तिथेच होतं. तीना मेर्लिन या पत्रकार बाईंनी आधीच लिहिलं होतं. त्यांच्यावर खोट्या बातम्यांनी घबराट पसरवल्याचा खटला भरला गेला. त्या निर्दोष सुटल्या.

मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच. डोंगराची हालचाल रोज मोजली जात होती. आदल्या दिवशी टोक डोंगरावरच्या लोकांना घरं सोडायला सांगितलं. लोंगारोनेला कोणी काहीच कळवलं नाही. डोंगर किती सरकतोय याचा हिशेब होता, त्याच्या वाटेत कोण झोपलंय याचा नव्हता.

लोंगारोनेतलं संग्रहालय वर जाण्याआधी पाहा, म्हणजे टेकडीकडे बघताना काय बघायचं ते कळतं. तिथल्याच पिरागो वस्तीचा एकटा उरलेला घंटामनोराही चुकवू नका. घसरलेल्या भागात फिरताना पायवाट सोडू नका आणि पाऊस लागला की परत फिरा. उतारावरची ताजी भेग, कलती झाडं, एकाएकी गढूळ झालेला झरा दिसला तर तिथे थांबून फोटो काढत बसू नका. बाजूला व्हा आणि स्थानिक यंत्रणेला कळवा. सकाळी लवकर पोचा, ढग उतरले की ती सपाटी दिसतच नाही.